आगाऊ प्रवेश आणि वचनाचा न्याय

अमेरिकेतील अनेक नामांकित विद्यापीठांत प्रवेशासाठी दोन मुदती असतात. जानेवारीच्या सुमारास अर्ज करून वसंत ऋतूत निकालाची वाट पाहावयाची, हा सर्वसाधारण मार्ग. आणि नोव्हेंबरच्या प्रारंभीच अर्ज दाखल करून डिसेंबरच्या मध्यास उत्तर मिळवावयाचे, हा आगाऊ मार्ग. या दुसऱ्या मार्गाच्या ‘अर्ली ॲक्शन’ या प्रकारात विद्यार्थी १ मेपर्यंत आपली निवड करण्यास मोकळा राहतो; ‘अर्ली डिसिजन’मध्ये मात्र, प्रवेश मंजूर झाल्यास येथेच येईन व अन्यत्र केलेले अर्ज मागे घेईन, अशी कबुली त्याला द्यावी लागते आणि तिच्यावर पालकाची व शाळेतील समुपदेशकाचीही सही घेतली जाते. वरकरणी ही दफ्तरी सोयीची बाब वाटेल. परंतु वचन कोणाकडून आणि कोणत्या परिस्थितीत घ्यावे, हा नीतिशास्त्रातील प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

या प्रथेचे समर्थन अगदीच पोकळ नाही. ज्याचा निश्चय झालेला आहे त्याची अनेक महिन्यांची घालमेल वाचते, आणि संस्थेलाही आपल्याकडे येऊ इच्छिणारे किती याची वेळीच खातरजमा होते. शिवाय, स्वतःस स्वेच्छेने बांधून घेण्याचे सामर्थ्य हे स्वातंत्र्याचे न्यून नसून त्याचे परिपक्व रूप होय, असे कांटच्या परंपरेतील विचारवंत म्हणेल, आणि ते खरेही आहे. कारण ज्याला वचन देताच येत नाही, त्याला स्वतंत्र म्हणणे कठीणच.

तथापि महाभारतात दाशराजाने अट घातली आणि देवव्रताने प्रतिज्ञा केली, तेव्हापासून आपण प्रतिज्ञेचाच गौरव करीत आलो. अटीचा न्याय आपण क्वचितच केला. येथेही सतरा वर्षांच्या मुलाच्या निष्ठेचे कौतुक करण्यापूर्वी त्या निष्ठेची मागणी कशी केली जाते, हे पाहिले पाहिजे. ज्या घरी शुल्काची चिंता नाही, तेथील मुलगा निःशंकपणे सही करतो. ज्याला निरनिराळ्या विद्यापीठांच्या आर्थिक साहाय्याची तुलना केल्यावाचून पाऊल उचलता येत नाही, त्याला ही सही म्हणजे किंमत न विचारता केलेला सौदा वाटतो. साहाय्य अपुरे पडल्यास वचनातून मुक्त होण्याची सवलत असते हे खरे, पण सवलत म्हणजे तुलना नव्हे. ॲव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर या अभ्यासकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, आगाऊ अर्ज करण्याचा लाभ सॅट परीक्षेतील सुमारे १०० गुणांच्या बरोबरीचा असल्याचे दाखविले. म्हणजे ज्या गुणाला आपण निष्ठा म्हणतो, त्याचे मोल गुणवत्तेच्या नाण्यात चुकते केले जाते, आणि ती निष्ठा परवडते मात्र संपन्नांना.

२००६ साली हार्वर्डने आपली आगाऊ प्रवेशाची पद्धत बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पाठोपाठ प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठानेही तोच निर्णय जाहीर केला. इतर बलाढ्य संस्था मात्र त्या वाटेने गेल्या नाहीत, आणि २०११ साली हार्वर्ड व प्रिन्स्टन यांना ती पद्धत पुन्हा सुरू करावी लागली. स्पर्धेच्या राज्यात एकट्यादुकट्याचे सदाचरण टिकत नाही, एवढाच निष्कर्ष यातून काढणारे काढोत; मला यातील दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते. पूर्वी बंधनकारक वचन घेणाऱ्या प्रिन्स्टनने आगाऊ अर्ज पुन्हा स्वीकारताना ते बंधन मात्र परत आणले नाही.

आगाऊ प्रवेश असावा, पण त्यात विद्यार्थ्याने बांधील असू नये, हाच मला न्याय्य तोडगा दिसतो. बंधनमुक्त मार्गातही चांगल्या शाळेतील मुलाला माहिती आधी मिळते, ही विषमता उरतेच; परंतु ती अज्ञानाची विषमता आहे, आणि मार्गदर्शनाने व प्रसाराने ती कमी करता येते. बंधनाची विषमता पद्धतीच्या रचनेतच असल्यामुळे कितीही प्रसार केला तरी ती हटत नाही. दोन पक्षांपैकी एकाजवळ अनेक अर्जदार आणि दुसऱ्याजवळ एकच आयुष्य असताना, प्रथम बांधून घेण्याचे कर्तव्य बलवत्तर पक्षाचे आहे: विद्यापीठाने आपला होकार डिसेंबरात द्यावा आणि विद्यार्थ्याचा होकार मेपर्यंत मोकळा ठेवावा.