परमुलखातील रस्ता आणि प्रवाशाचा दोष

परमुलखात गेलेल्या माणसाने तिथल्या रस्त्याचे छापील नियम पाळावेत की प्रत्यक्षात चालणारे, हा प्रश्न वरकरणी वाहतूक पोलिसांचा वाटला तरी मुळात तो देशाचाराचा, म्हणजे एखाद्या प्रदेशात रूढ झालेली वागणूक बाहेरून आलेल्यावर कितपत बंधनकारक ठरते याचा प्रश्न आहे. आणि जर्मन, जपानी व कोरियन तंत्रज्ञांची ये-जा असलेल्या पुण्याजवळच्या चाकण औद्योगिक पट्ट्यात, विशेषतः मालट्रकांनी गजबजलेल्या चिखली-कुदळवाडीच्या रस्त्यांवर, तो नित्य उभा राहतो.

त्यातला, रस्त्याची कोणती बाजू धरायची, हा भाग सोपा आहे. डावीकडून चालण्यात पुण्य नाही आणि उजवीकडून चालण्यात पाप नाही. सर्वांनी एकच बाजू धरली म्हणून ती बंधनकारक ठरते, इतकाच तो संकेत. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवी बाजू स्वीकारली तरी ब्रिटिश हिंदुस्थानाला लागून असलेला गोवा डावीकडूनच चालत राहिला, आणि स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे बाजू बदलली तेव्हा तिथल्या कोणाची नीती बदलली नाही.

खरी अडचण हॉर्न आणि डिपर यांची. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना पाहुण्याला गाडी चालवण्याची मुभा देतो, पण समोरच्या ट्रकने डिपर मारला तर त्याचा अर्थ 'तुम्ही आधी जा' असा नसून 'मी येतोय, थांबा' असा आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. ट्रकांच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्यास महाराष्ट्रात २०१५ मध्ये मनाई झाली आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्याला पहिल्या वेळी एक हजार रुपये दंड ठरवला, तरी हॉर्न दिला की आपली जबाबदारी संपली आणि बाजूला होण्याची पायी चालणाऱ्यावर आली, ही समजूत टिकून आहे. ती आजची म्हणावी, तर मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीखाली सापडून हानी झाल्यास ज्या प्रसंगी दंड नाही असे प्रसंग सांगताना, वेसण तुटणे, जू मोडणे, आस मोडणे यांच्या जोडीला सारथ्याने 'बाजूला हो' असे ओरडून सांगितलेले असणे हाही प्रसंग मोजलेला आहे. बैलगाडीच्या वेगाला ही सूट कदाचित शोभली असेल. लोखंडी पत्र्याच्या कॉइल लादलेल्या ट्रेलरला ती लावणे म्हणजे बहिऱ्या म्हाताऱ्याच्या जिवाचा हिशेब त्याच्याच खात्यावर टाकणे होय. शिवाय हा देशाचार अटळही नाही. देहू आणि आळंदी यांच्या मध्ये वसलेल्या याच चिखलीच्या परिसरात कार्तिकीला दिंड्या रस्त्यावर आल्या की एरवी हॉर्नवरचा हात न काढणारा चालक सहसा इंजिन बंद करून मुकाट थांबतो. तेव्हा पाहुण्याने इथली रीत म्हणून नेमकी कोणती रीत उचलावी, हे तरी कोणी ठरवावे?

पुष्कळ पाहुणे या पेचातून सुटण्यासाठी स्टिअरिंगला हात लावत नाहीत. गाडीसोबत ड्रायव्हर येतो, आणि पाहुणा मागच्या सीटवर बसून मोबाइलमध्ये डोके घालतो. कर्तृत्व, म्हणजे कृतीचा कर्ता असण्याचे नाते, पैसे देऊन असे दुसऱ्याकडे सोपवता येते काय, याचे त्याच स्मृतीने दिलेले उत्तर हॉर्नच्या सवलतीपेक्षा कितीतरी कठोर आहे. सारथ्याच्या अकौशल्याने गाडी भरकटून हानी झाली तर मालकाला दोनशे पण (पण हे प्राचीन नाणे) दंड. सारथी निष्णात असूनही चुकला तर दंड त्याचा. आणि सारथी अकुशल असेल, तर गाडीत बसलेल्या प्रत्येकाला शंभर पण. या तरतुदीत प्रवासी हा निव्वळ वाहून नेला जाणारा जीव नाही, कारण कोणाच्या गाडीत बसायचे ही निवड त्याने केलेली असते. मनुस्मृतीतले पुष्कळ काही आज त्याज्य आहे, पण हा विचार मात्र टाकण्याजोगा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातले १८८ वे कलम धोकादायक रीतीने वाहन चालवण्यास प्रोत्साहन देणाऱ्यालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा सांगते. त्यामुळे शिफ्ट गाठण्यासाठी 'जरा दामटा' असे मागून म्हणणारा पाहुणा, परवाना खिशात नसला तरी, इथल्या रस्त्याच्या नियमांबाहेर राहत नाही.