चौथे ऋण

दुष्काळी गावात शिध्याची पाकिटे घेऊन टेम्पो येतो, तेव्हा त्या धान्याला नेमके काय म्हणायचे, हे वाटपाच्या घाईत कोणी विचारत नाही. बॅनरवर ‘मदत’ लिहिलेले असते, भाषणात ‘अन्नदान’ येते आणि रांगेतल्या बाईची मान खाली जाते. या नावाचा प्रश्न मला धर्माचा प्रश्न वाटतो. दान म्हटले की देणारा पुण्याचा धनी होतो आणि घेणारा उपकाराखाली दबतो. परतफेड म्हटली की दोघांच्या जागा बदलतात. दुष्काळात भुकेल्याच्या दारी पोहोचणारे अन्न ही परतफेडच आहे, असे माझे म्हणणे आहे. ते पारखून पाहायला मी मुळशी निवडतो. दुष्काळाचा विचार पावसाने झोडपून निघणाऱ्या तालुक्यातून सुरू करणे विचित्र वाटेल, पण हिशेबाचे मूळ तिथेच आहे.

ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला पावणेदोनशे किलोमीटरच्या आतबाहेर इंदापूर लागते आणि पुढे सोलापूर. तिथे पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर झाला तरी वर्ष बरे गेले म्हणायचे. या दोन टोकांना सांधण्याचे काम निसर्गाने नदीकडे दिले होते. मुळशीतली मुळा पुण्यात मुठेला मिळते, मुळा-मुठा भीमेत जाते आणि भीमा ते पाणी पर्जन्यछायेतल्या कोरड्या मुलखात नेते. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात टाटांनी मुळशीला धरण बांधले आणि अडवलेले पाणी पश्चिमेला वळवून सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात सोडले. १९२७ साली भिरा येथील वीजगृह सुरू झाले, वीज मुंबईला गेली आणि पाणी कुंडलिकेतून समुद्राच्या वाटेला लागले. त्या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांची आंबेमोहोर पिकवणारी भाताची खाचरे बुडाली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, तिथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी तो चालवला आणि १९२४ पर्यंत तो रेटला. सत्याग्रह हरला. त्याची आठवण आपण विस्थापनाची लढाई म्हणून ठेवतो आणि ते योग्यच आहे. पण त्या पाण्यावर खालच्या अंगाच्या ज्या गावांचा ओघाने हक्क होता, ती गावे त्या भांडणात पक्षकारच नव्हती. त्यांना कोणी विचारले नाही. कुंडलिकेच्या खोऱ्यात त्या पाण्यावर आज शेती आणि कारखाने उभे आहेत, म्हणजे ते वाया जाते असे म्हणता येणार नाही. मुद्दा इतकाच, की एकाच्या वाट्याचे दुसऱ्याकडे गेले आणि ज्याच्याकडे गेले त्याने दिवा लावताना ते आठवणीत ठेवले नाही.

ऋणाची ही भाषा मी आधुनिक अर्थशास्त्रातून उसनी आणलेली नाही. माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. शतपथ ब्राह्मणात मात्र ऋणे चार सांगितली आहेत. चौथे ऋण माणसांचे, आणि ते फेडायचे माणसांना आसरा आणि अन्न देऊन. तीन ऋणे लोकांच्या तोंडी राहिली आणि चौथे गळाले, ही मला साधी विस्मृती वाटत नाही. जे ऋण शेजाऱ्याला फेडावे लागते ते विसरणे सोयीचे असते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, मिळालेले परत न देता एकटाच भोगणाऱ्याला सरळ चोर म्हटले आहे. आणि तैत्तिरीय उपनिषद शिष्याला निरोप देताना कसे द्यावे हे सांगते, तेव्हा श्रद्धेबरोबर ‘ह्री’ही मागते. ह्री म्हणजे लाज. ती देणाऱ्याला वाटायची आहे. आपल्याकडे ती रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या माथी कशी आली, हे पाहायला हवे.

ती आली पात्रतेच्या कल्पनेतून. सात्त्विक दान देश, काळ आणि पात्र पाहून द्यावे असे गीताच सतराव्या अध्यायात सांगते, आणि हा आधार माझ्या विरोधात कोणीही उभा करू शकेल. पेशवाईत पुण्याच्या रमण्यात श्रावणातली दक्षिणा वाटली जाई, ती विद्वत्ता पाहून. विद्येला मान द्यायचा तर विद्या पाहावी लागणार, हे मला मान्य आहे. पण भुकेच्या बाबतीत पात्र कशाने ठरते? भुकेने. दुसरी कोणतीही अट घातली, जात विचारली, पंगत वेगळी बसवली, धर्म बदलायला सांगितले किंवा मत मागितले, की अन्नाची किंमत ठरते आणि दान असो वा परतफेड, दोन्ही संपून व्यवहार सुरू होतो. १८७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई फुल्यांनी जुन्नरजवळच्या ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहून माणसे-जनावरे कशी मरत आहेत हे कळवले. त्याच साली सत्यशोधक समाजाने धनकवडीत दुष्काळी मुलांसाठी बालाश्रम काढला. त्या मुलांचे पात्र काय होते? रिकामे पोट.

यावर जुना आक्षेप कर्माचा. दुष्काळ हे पूर्वकर्माचे फळ, मग आपण त्याच्या आड का यावे? सह्याद्रीकडे पाहिले की याचे उत्तर मिळते. कड्याच्या पश्चिमेची माणसे पुण्यवान आणि पावणेदोनशे किलोमीटरवरची पापी असे मानल्याशिवाय हा सिद्धान्त उभा राहत नाही, आणि असे मानणारा माणूस मला अजून कोणत्याही संप्रदायात माहीत नाही. कर्म मानायचेच तर आपले कर्मही मोजायला हवे. पाणी वळवणे हे कर्म होते.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. बीदरच्या बादशहाचे कोठार त्यांच्या ताब्यात होते. दुष्काळात त्यांनी ते लोकांसाठी उघडले आणि पुढे विठ्ठल विठू महाराच्या रूपात दरबारी जाऊन त्या धान्याचे पैसे भरून आला, असे परंपरा सांगते. काटेकोर नीतिशास्त्री विचारेल की स्वतःचे नसलेले धान्य वाटणे हे दान कसे? प्रश्न खरा आहे आणि कथा तो टाळत नाही, कारण तिच्यात बादशहाची रक्कम चुकती केली जाते. पण ती कोणी केली? ज्यांनी धान्य खाल्ले त्यांच्या नावावर शेवटपर्यंत एक दाणाही बाकी निघत नाही. देणे कोठाराच्या बाजूचे निघते आणि ते फेडायला देव येतो, तोही गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाचे रूप घेऊन. संतपरंपरेने या राजसेवकाला संत मानले, त्यावरूनच तिचा निर्णय कळतो.

फुकट दिले की माणूस आळशी होतो, हा आक्षेप अधिक चिवट आहे. १८७७ च्या आरंभी ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि वर एक आणा इतकी उतरवली. त्यामागे हाच संशय होता: गरज नसलेले लोक येतील. मुंबई इलाख्यातले हजारो उपाशी मजूर त्या मजुरीवर काम करायचे नाकारून कामे सोडून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. ज्यांना लाचार समजले होते त्यांनी उपाशीपोटी संप केला. पुढे १९७२ च्या दुष्काळात, १९७३ च्या उन्हाळ्यात, महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसे खडी फोडायला, पाझर तलाव आणि नालाबंडिंगच्या कामांवर आली. रेशनवरचा लाल मिलो त्यांनी खाल्ला, पोरांनी सुकडी खाल्ली, पण हजेरीपटावर अंगठा उमटवून. इतके लोक भर उन्हात दगड फोडतात तेव्हा आळसाचा सिद्धान्त पुराव्याअभावी पडतो. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना पक्की झाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. पगारातून कापल्या जाणाऱ्या त्या रकमेबद्दल आजवर कोणाचा सत्कार झालेला नाही, आणि माझ्या दृष्टीने हेच तिचे मोठेपण आहे. तरीही कामाची अट सर्वांना लावता येत नाही. बाळंतीण, म्हातारा, अपंग आणि मूल यांच्यापुढे खडीचा ढीग ठेवणे म्हणजे अन्न नाकारणेच. त्यांचा शिधा घरपोच जायला हवा.

शेवटचा आक्षेप मला खरोखर अवघड वाटतो. ऋण म्हटले की ते मोजावे लागते, मोजले की एके दिवशी फिटते आणि फिटले की हात आखडतो. करुणेला मात्र हिशेब नसतो. मग करुणा मोठी नाही का? करुणा मोठी आहे, पण तिच्यावर विसंबता येत नाही. टँकरची छायाचित्रे वर्तमानपत्रात असतात तोवर ती जागी राहते आणि पहिल्या पावसाच्या सरीबरोबर झोपते. दुष्काळी घरात सर्वांत कठीण दिवस मात्र त्या सरीनंतरचे असतात. पेरणी झालेली असते, कामे बंद झालेली असतात, कणगी रिकामी असते आणि पीक हाती यायला तीन महिने असतात. ऋणको त्या तीन महिन्यांतही बांधलेला असतो. आणि फिटण्याची भीती कोणी बाळगू नये: पाणी दरवर्षी वळते, त्यामुळे खाते दरवर्षी नव्याने उघडते. हे सरकारचे काम, आपले नव्हे, असे म्हणणाऱ्याला मी अर्धे मान्य करीन. हमी सरकारनेच द्यायची. पण सरकारी यंत्रणा पोहोचेपर्यंतचे आठ दिवस कोणाचे, हा प्रश्न उरतो, आणि त्या दिवसांत भाकरी लागतेच.

परतफेड मानली तर वाटपाची रीत बदलते. सावकाराला पैसे परत करताना कोणी त्याला हात जोडून उभे करून छायाचित्र काढत नाही. काय आणि किती हवे ते तोच सांगतो. गव्हापेक्षा ज्वारी हवी, तेल हवे, माणसांआधी गुरांना चारा हवा, हे ठरवायचा अधिकार ग्रामसभेचा होतो, आणि यादी वाचली जाते ती धान्य कमी-जास्त झाले तर देणाऱ्याला जाब विचारता यावा म्हणून. बॅनर लावायला जागाच उरत नाही. पुण्याहून धान्याचा ट्रक सोलापूर रस्त्याने निघतो, हडपसर मागे टाकतो, यवत आणि पाटस ओलांडून इंदापूरकडे उतरतो. मुळशीत अडलेले पाणी मोकळे असते, तर मुळा-मुठेतून आणि भीमेतून तेही याच दिशेला उतरले असते.