काटकसरीचे व्रत आणि मताची कसोटी

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही शिकवण आपल्याकडे घरोघरी मुलांस दिली जाते. आणि राज्याच्या जमाखर्चासही तोच नियम लावावा, असे सांगणारा मुत्सद्दी प्रथमदर्शनी शहाणा व सचोटीचा वाटतो. परंतु व्रत घेणे निराळे आणि उपवास काढणे निराळे. व्याख्यानपीठावर ज्याने काटकसरीचा घोष केला, त्याने विधिमंडळात मत कोणत्या बाजूने दिले हे पाहिल्यावाचून त्याच्या व्रताची परीक्षा व्हावयाची नाही. आपल्याकडे ही परीक्षा कठीण. कारण १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्यानंतर सभासदाचे मत बहुधा पक्षाज्ञेचेच मत असते. अमेरिकेत तसे नाही. तेथे पक्षाविरुद्ध मत दिल्याने सभासदत्व जात नाही, आणि महत्त्वाच्या ठरावांवर प्रत्येकाचे मत नावानिशी नोंदले जाते. शिवाय तेथील रिपब्लिकन पक्ष मितव्यय हे आपले कुलव्रत मानीत आला आहे. म्हणून आम्ही त्याचेच उदाहरण घेतो.

रोनाल्ड रेगन यांनी जानेवारी १९८१ मध्ये अध्यक्षपद स्वीकारताना, चालू सुखासाठी मुलाबाळांचे भवितव्य गहाण टाकणाऱ्या तुटीच्या अंदाजपत्रकांचा कडक निषेध केला. त्याच वर्षी प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ७० टक्क्यांवरून ५० वर आणण्याचे ठरले. संरक्षणखर्च वाढला, अन्यत्र जी काटछाट झाली ती भरपाईस पुरली नाही, आणि पुढे काही कर पुन्हा वाढवूनही, आठ वर्षांत सुमारे एक लाख कोटी डॉलरांचे राष्ट्रीय ऋण अडीच लाख कोटींच्या वर गेले. १९८५ मध्ये काँग्रेसने, १९९१ पर्यंत तूट शून्यावर आणण्याचा कायदा केला. दोनच वर्षांनी ती मुदत १९९३ पर्यंत पुढे ढकलली गेली. आणि १९९१ साल उजाडले तेव्हा शून्याच्या जागी सुमारे २७ हजार कोटी डॉलरांची तूट उभी होती. स्वतःस बांधून घेणाऱ्याच्याच हाती दोरीची गाठ असली म्हणजे असेच व्हावयाचे!

याच्या उलट रेगन यांच्यामागून आलेल्या थोरल्या जॉर्ज बुश यांची कथा पाहा. नवे कर बसवू देणार नाही, असे वचन त्यांनी १९८८ च्या पक्षपरिषदेत दिले. परंतु तूट आवरेना, तेव्हा १९९० मध्ये प्रतिपक्षाशी तडजोड करून त्यांनी करवाढ पत्करली आणि खर्चासही मर्यादा घातल्या. प्रतिनिधिसभेतील त्यांच्याच पक्षाच्या बहुसंख्य सभासदांनी विरुद्ध मते दिली. १९९२ मध्ये ते पराभूत झाले. मंदी वगैरे कारणे होतीच, पण वचनभंगाचा डाग त्यांतील एक होता. तथापि १९९० व १९९३ च्या कायद्यांनी घातलेली शिस्त आणि पुढील भरभराट यांमुळे १९९८ ते २००१ अशी चार वर्षे अमेरिकेच्या अंदाजपत्रकात शिल्लक राहिली. आता न्याय करावा तो कसा? बुश यांनी वचन मोडले, पण व्रत पाळले. कर न वाढविण्याच्या वचनास जे चिकटून राहिले आणि उणे पडले ते कर्जाने भरीत गेले, त्यांनी वचन पाळून व्रत मोडले. लोकांनी मात्र शिक्षा पहिल्यासच केली.

कोणी म्हणेल, मंदीत वा युद्धात ऋण काढणे हा शहाणपणाच असतो. आणि कर कमी केल्याने व्यापारउदीम वाढून तिजोरी आपोआप भरेल, अशी कित्येकांची प्रामाणिक श्रद्धा असते. हे आम्हांस मान्य आहे. मतात चूक होणे म्हणजे दांभिकपणा नव्हे. परंतु श्रद्धेचा खरेपणा ओळखण्याची एक साधी खूण आहे: माणूस तोच नियम स्वकीयांस आणि परकीयांस सारखाच लावतो काय? २०११ मध्ये अध्यक्षपदी ओबामा होते, तेव्हा ऋणमर्यादा वाढविण्याच्या बदल्यात रिपब्लिकनांनी खर्चावर कडक बंधने घालून घेतली. २०१७ च्या डिसेंबरात, स्वपक्षाचा अध्यक्ष असता, त्यांनीच दहा वर्षांत सुमारे दीड लाख कोटी डॉलरांचे उत्पन्न सोडणारी करकपात केली. आणि दोनच महिन्यांनी त्यांच्यातील बहुसंख्यांनी खर्चाची ती बंधने सुमारे ३० हजार कोटी डॉलरांनी सैल केली. २०२५ च्या जुलैत करकपातीचा जो मोठा कायदा झाला, त्याने दहा वर्षांत तूट ३.४ लाख कोटी डॉलरांनी वाढेल, असा काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब होता. त्या वेळी केंटकीचे प्रतिनिधी थॉमस मॅसी व सीनेटर रँड पॉल यांनी ऋणवाढीच्या कारणास्तव स्वपक्षाविरुद्ध मत दिले. त्यांची इतर मते कोणास पटोत वा न पटोत, त्यांचे बोलणे व मत या बाबतीत एकच होते. असे लोक बोटांवर मोजण्याइतकेच निघाले, यातच आमच्या प्रश्नाचे उत्तर आले.

परंतु सारा दोष प्रतिनिधींच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. कर नको, पण निवृत्तिवेतन हवे, रस्ता हवा, औषधोपचार हवा, असे मागणाऱ्या मतदारास त्याचीच प्रतिमा प्रतिनिधीच्या रूपाने परत मिळते. काटकसर सर्वांस आवडते, मात्र ती शेजाऱ्याच्या ताटातील असावी! म्हणून उमेदवारास, तू कर वाढविशील काय, एवढेच विचारणे पुरेसे नाही. माझ्या लाभाचा कोणता खर्च तू नाकारशील, असे विचारावयास हवे, आणि त्याने खरे उत्तर दिले तर त्यास मत देण्याचे धैर्यही आपल्यापाशी हवे.

२०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेने ऋणाच्या नुसत्या व्याजापायी संरक्षणाहूनही अधिक खर्च केला. ऋण काढून सण साजरा करणारा गृहस्थ निदान आपल्याच नावावर खत लिहून देतो. राज्य मात्र ते अशांच्या नावावर लिहिते, की ज्यांचा अद्याप जन्म झालेला नाही आणि ज्यांस मत नाही. त्यांच्या वतीने मत देणारा कोणी सभागृहात आहे काय, हाच काटकसरीच्या व्रताचा खरा प्रश्न होय.