मत देण्यापूर्वीं देवाला काय विचारावें?

निवडणूक जवळ आली म्हणजे पाळकाच्या दाराशीं एक प्रश्न हमखास येतो: “पाळकसाहेब, मत कोणाला द्यावें हें देवाला विचारलें तर तो सांगेल काय?” प्रश्न भाबडा वाटेल, परंतु विचारणाऱ्यास आपलें मत क्षुल्लक वाटत नाहीं, हें पाहून मला आनंदच होतो. म्हणून त्याचें उत्तर विचारपूर्वक दिलें पाहिजे.

प्रथम माझाच दोष सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकींत माझ्या नात्यांतील एक गृहस्थ उभे होते. त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या बाई अधिक लायक आहेत, हें मी मनांत जाणत होतों. तरी मीं दोन चिठ्ठ्या लिहून पवित्र शास्त्रांत ठेविल्या, गुडघे टेकले आणि एक उचलली. बाईंचें नांव निघालें. चित्त एकाग्र नव्हतें असें स्वतःस सांगून मीं पुन्हां उचलली. ह्या खेपेस नातलगाचें नांव निघालें, आणि मीं देवाचे आभार मानले! त्या रात्रीं मला झोप आली नाहीं. मीं देवाला कांहीं विचारलेंच नव्हतें. माझ्या इच्छेवर त्याची सही मागितली होती.

कोणी म्हणेल, मत्थियाच्या निवडीच्या वेळीं प्रेषितांनीं चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या काय? टाकल्या खऱ्या, पण त्यापूर्वीं त्या सेवेस कसा मनुष्य पाहिजे ह्याची कसोटी त्यांनीं ठरविली, आणि तीस उतरलेले दोघेच पुढें केले. विचार आधीं, चिठ्ठी मागाहून. शलमोनानेंही गिबोनांत देवाजवळ आयते निकाल मागितले नाहींत. न्याय करण्यास विवेकी मन मागितलें. आपणही उमेदवाराचें नांव मागूं नये. योग्य नांव ओळखणारें मन मागावें.

असें मन मागणाऱ्यानें श्रम टाळूं नयेत. इथ्रोनें मोशेला सांगितलेली कसोटी अजून जुनी झालेली नाहीं: मनुष्य कर्तबगार, देवाचें भय धरणारा, सत्यप्रिय आणि लांचेचा द्वेष करणारा असावा. तींत जात, भावकी किंवा मेजवानी ह्यांचा उल्लेख नाहीं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ सालच्या निकालांमुळें लोकसभेच्या व विधानसभेच्या उमेदवारांस आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता, कर्ज व शिक्षण शपथेवर लिहून द्यावें लागतें, आणि तीं प्रतिज्ञापत्रें कोणासही पाहतां येतात. स्वतःस वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून वाचवून घ्यावीं. हें न करतां केवळ प्रार्थना करणें म्हणजे पेरणी न करतां पाऊस मागणें होय.

“मग आपल्या ख्रिस्ती मनुष्यालाच मत द्यावें ना?” असेंही विचारतात. १९३५ च्या कायद्यानें हिंदी ख्रिस्ती लोकांस स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. १९४९ सालीं घटनासमितीनें धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा ठेवूं नयेत असें ठरविलें, तेव्हां समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ह्यांच्यासारख्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनीं त्यास संमति दिली. तेव्हांपासून आपलें मत आपल्या मंडळीपुरतें उरलें नाहीं. शेजाऱ्याचें पाणी, रस्ता आणि दवाखानाही त्यांत आला. शिवाय १९५१ च्या कायद्याप्रमाणें उमेदवारानें धर्माच्या नांवावर मतें मागणें हा भ्रष्टाचार आहे. म्हणून व्यासपीठावरून नांवाची अपेक्षा आपण करूं नये, आणि मीही तें सांगणार नाहीं.

आतां एक कठीण गोष्ट. मागील एका निवडणुकींत मंडळींतील एका विधवा बहिणीनें मुलाच्या औषधासाठीं एका कार्यकर्त्याकडून पांचशें रुपये घेतले. त्यानें तिला देवाची शपथ घालून मत कबूल करविलें. ती रडत म्हणाली, “पाळकसाहेब, शपथ पाळूं कीं मन सांगतें तें करूं?” मीं तिला हेरोदाची गोष्ट सांगितली. त्यानें शपथेचा मान राखण्यासाठीं योहानाचा शिरच्छेद करविला. ती शपथ मोडणेंच धर्माचें होतें. पैसे घेणें पाप होतें, आणि कायद्यानें देणारा व घेणारा दोघेही दोषी. परंतु मत विकून तें पाप फिटत नाहीं. पैसे परत करावे, क्षमा मागावी आणि मोकळ्या मनानें मत द्यावें.

पण परत करावयास तिच्याजवळ पैसे कोठें होते? तेव्हां मला आमचें पाप दिसलें. ती प्रत्येक रविवारीं आमच्यांत बसत होती, आणि औषधासाठीं तिला परक्याकडे हात पसरावा लागला. पंचांनीं त्याच सायंकाळीं रक्कम गोळा केली व तिनें ती परत केली. पुढें तिनें कोणाला मत दिलें, हें आम्हीं विचारलें नाहीं.

प्रार्थना करूनही दोन प्रामाणिक बंधु दोन निराळीं मतें देतील. देव माझ्याच पक्षाचा आहे असें त्यांपैकीं कोणीही म्हणूं नये; मीं लोभानें, भीतीनें किंवा द्वेषानें बटण दाबलें नाहीं, एवढें मात्र प्रत्येकाला म्हणतां यावें. आणि आपल्या शेजारीं कोणाची चूल विझली आहे, हें निवडणुकीची वाट न पाहतां आजच पाहूं या.