अदृश्याचा उद्योग आणि लोकांचा पैसा

उद्योगधंद्यांस राजाश्रय असावा की नसावा, हा वाद महाराष्ट्रास नवा नाही. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात न्यायमूर्ती रानडे यांनी असे प्रतिपादन केले होते की, पाश्चात्य अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांस व सर्व काळी सारखेच लागू पडतात असे नाही. त्यांचा कल सरकारने नव्या धंद्यांस हात द्यावा याकडे होता, व तो पक्ष आज बहुतेकांस मान्य आहे. परंतु साहाय्य करावे एवढे ठरल्याने प्रश्न सुटत नाही. ज्या धंद्याचे फळ अनिश्चित आहे, त्यावर लोकांचा पैसा लावण्याचा अधिकार सरकारास कोणत्या अटींवर पोहोचतो, हा खरा प्रश्न होय. आणि तो जितका अर्थशास्त्राचा, तितकाच नीतिशास्त्राचाही आहे.

हा प्रश्न आज पुन्हा काढण्याचे कारण नॅनो, अर्थात अब्जांश, तंत्रज्ञान. एका मीटरचे अब्ज भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ८० हजार ते १ लक्ष नॅनोमीटर जाड असतो, यावरून या मापाची कल्पना येईल. इतक्या सूक्ष्म अवस्थेत पदार्थांचे गुणधर्म पालटतात, व त्या पालटाचा उपयोग औषधांत, विद्युत्घटांत आणि खतांत करून घेणे हा या विद्येचा हेतू आहे. भारत सरकारने २००७ मध्ये पाच वर्षांकरिता १,००० कोटी रुपयांची नॅनो योजना मंजूर केली. शेजारी कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठात या विषयाचे अध्ययन चालते. तेव्हा सातारा व सांगली या जिल्ह्यांतही सरकारी योजनेने व भांडवलाने असा धंदा उभा करावा, हा विचार कोणाच्या मनात आल्यास त्यात वावगे काही नाही. तो पारखून मात्र घेतला पाहिजे.

पारखण्यास साधन येथल्याच मातीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातील आपली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनालगतची ३२ एकर ओसाड जमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. १९१० मध्ये तेथे वसलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात असून तेथे पंप तयार होतात. या हकीकतीतून बहुतेक लोक राजाच्या औदार्याचा बोध घेतात. आम्हांस त्यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. बाळासाहेबांनी आधी धंदा ठरवून मग त्यास माणूस शोधला नाही. लक्ष्मणराव त्यापूर्वीच कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करीत होते. त्यांची विद्या प्रत्यक्ष दिसत होती. उणीव होती ती जमिनीची आणि थोड्या अवधीची. राज्याने तेवढीच भरून काढली.

आता त्या नांगराकडे पाहू. लोखंडाने जमिनीस विष बाधते अशी समजूत असल्यामुळे प्रारंभी शेतकरी तो घेईनात, व पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. त्या शेतकऱ्यांस अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. परंतु त्यांच्या शंकेचे निरसन कोणी व्याख्यान देऊन केले नाही. नांगर शेतात चालला, पीक आले आणि शंका फिटली. वस्तू डोळ्यांना दिसत होती, तिचा निकाल स्वतःच्या बांधावर लागत होता, व निर्णय करणारा स्वतः शेतकरीच होता.

अब्जांश विद्येत नेमकी हीच सोय नाहीशी होते. इफ्को या सहकारी संस्थेने २०२१ मध्ये द्रवरूप नॅनो युरिया बाजारात आणला, तेव्हा ५०० मिलिलिटरची एक बाटली ४५ किलोच्या एका पोत्याचे काम करील असे सांगण्यात आले. पुढे पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत या पद्धतीने गहू व भात यांच्या उत्पन्नात घट आढळली. संस्थेने आपला दावा सोडलेला नाही. या वादात कोण बरोबर, हे ठरविणे आमच्या अधिकाराबाहेरचे आहे. पण मिरजेचा किंवा कोरेगावचा शेतकरी त्यात कोठे उभा आहे, हे पाहावे. बाटलीतील कण त्यास दिसत नाहीत. पीक उणे आले तर दोष खताचा, पावसाचा की जमिनीचा, हे त्यास एकट्याने ठरविता येत नाही. जेथे पारख करण्याची शक्ती लोकांच्या हातून जाते, तेथे सत्य सांगण्याचे ऋण, पैसा मागणाऱ्यावर आणि तो देवविणाऱ्या सरकारावर, दुपटीने वाढते.

म्हणून पहिली अट ही की, अनिश्चित गोष्ट अनिश्चित म्हणूनच सांगितली पाहिजे. अंताजी दामोदर काळे यांच्या खटपटीतून उभ्या राहिलेल्या पैसाफंडात लोकांनी पैसा पैसा टाकला, व त्यातून तळेगावास काचेचा कारखाना निघाला. देणाऱ्यास आपण देत आहोत हे ठाऊक होते. करातून जाणारा रुपया मात्र नकळत जातो. तेव्हा त्याचा हिशेब, आणि विशेषतः फसलेल्या प्रयोगांचा हिशेब, मराठीतून लोकांपुढे मांडणे हे सरकारचे कर्तव्यच आहे.

दुसरी अट धीराची. फ्रान्सातील ग्रेनोबल हे डोंगरांच्या कुशीतले शहर आज या विद्येचे मोठे केंद्र आहे. तेथे अणुसंशोधनाचे केंद्र निघाले १९५६ मध्ये, विद्युत्कणशास्त्राची प्रयोगशाळा १९६७ मध्ये, आणि मिनाटेक हे अब्जांश विद्येचे संकुल २००६ मध्ये. मध्ये पन्नास वर्षे गेली. निवडणुकीपूर्वी कोनशिला आणि निवडणुकीनंतर विसर, अशा रीतीने कोणतीही विद्या रुजत नाही.

यावर कोणी म्हणेल, माण, खटाव, जत, आटपाडी येथे पाण्यासाठी माणसे तळमळत असता अदृश्य कणांवर पैसा कशास? आक्षेप खरा आहे, व त्यास टाळता येत नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांवर वर्षानुवर्षे खर्च झाला, व तो व्हावयासच हवा होता. तहानेचा हक्क पहिला. तथापि औंधसारख्या लहान व अवर्षणग्रस्त मुलखाच्या राज्याने सर्व गरजा भागेपर्यंत थांबावयाचे ठरविले असते, तर किर्लोस्करवाडी झाली नसती. आजच्या तहानेसाठी राखलेल्या पैशास हात न लावता उद्यासाठी काही ठेवावे, आणि ते इतकेच असावे की बुडाले तरी कोणाचे पाणी तुटणार नाही.

बुडण्याचाही विचार केला पाहिजे. कऱ्हाडाजवळ ओगलेवाडीस १९१६ मध्ये निघालेल्या ओगले बंधूंच्या कारखान्यातील प्रभाकर कंदील घरोघरी गेला. वीज आली आणि कंदिलाचे दिवस सरले. आज तो कारखाना चालत नाही. पण याच ओगल्यांच्या व किर्लोस्करांच्या मालाची विक्री करीत फिरलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि ती आजही चालू आहे. कारखाना मरतो, त्याच्या आसऱ्याने माणसांत आलेली धमक व विद्या मरत नाही. सरकारने इमारतीपेक्षा शिष्यवृत्तीवर, आणि बाहेरून आणलेल्या यंत्रापेक्षा ते दुरुस्त करू शकणाऱ्या येथल्या मुलामुलींवर अधिक खर्च करावा, असे आम्ही म्हणतो ते याच कारणासाठी.

१९३९ च्या सुमारास बाळासाहेबांनी आपला राज्याधिकार प्रजेच्या हाती दिला. १९१० मध्ये जो निर्णय एका राजाने आपल्या जबाबदारीवर घेतला, तो घेण्याचा अधिकार आता आपणा सर्वांचा आहे. अधिकार आला त्याबरोबर विचारण्याचे कामही आपल्याकडे आले. पुढल्या वेळी एखादा मंत्री आपल्या जिल्ह्यात अदृश्य कणांचा कारखाना देऊ करील, तेव्हा किती कोटी एवढेच न विचारता, हे काम जाणणारे कोण, फसले तर आम्हांस कोण सांगणार, आणि बंद पडल्यावर आमच्याजवळ काय उरणार, हेही विचारावे. या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, तर आम्ही त्या धाडसाच्या बाजूने आहोत.