पर्दापोशी आणि साक्ष

दुसऱ्याचा ऐब दिसला तर झाकावा, कुणाच्या घरात डोकावू नये, ही शिकवण आम्हा मुसलमानांच्या घरांत मुलाला कलम्याबरोबरच मिळते. सूरह हुजुरातमध्ये टेहळणी आणि पाठीमागची निंदा यांना सक्त मनाई आहे. त्याच कुरआनात, सूरह बकरामध्ये, देण्याघेण्याचे नियम सांगताना साक्ष लपवू नका असाही हुकूम आहे. एका हाताला पर्दापोशी, दुसऱ्या हाताला गवाही. ज्यांचे जगणे समाजाने रात्रीच्या अंधारात लोटले, त्या माणसांविषयी लिहिणाऱ्याने यांतले काय करावे?

प्रश्न आजचा वाटतो. पण तो आमच्याच मुलखातल्या एका माणसापाशी नेऊन सोडतो. दर्गाह कुली खान यांचा जन्म १७१० चा, संगमनेरचा. पहिले निजाम आसफजाह यांच्या दरबारातले ते सरदार. १७३८ मध्ये निजामांबरोबर दिल्लीला गेले आणि १७४१ पर्यंत तिथे राहिले. पुढे औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, सुभेदारी त्यांच्याकडे आली. १७६६ मध्ये ते वारले. आमचे शिरूर अनंतपाळ १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्या संस्थानाच्या पहिल्या पिढीचा हा माणूस.

दिल्लीत त्यांनी जे पाहिले ते फारसीत लिहिले. तो ग्रंथ ‘मुरक्का-ए-दिल्ली’ या नावाने ओळखला जातो. मुरक्का म्हणजे चित्रांचा संग्रह. नादिरशहाची १७३९ ची कत्तल ज्या शहराने भोगली, त्याच शहराच्या रात्री इथे आहेत: दर्ग्यांवरचे उरूस, चांदणी चौक, शायर, कव्वाल, नूरबाईसारख्या गायिका. आणि त्याच ओळीत, त्याच शाईने, पुरुषांवर आणि कोवळ्या मुलांवर आशिक असणारे उमरावही आहेत. आझम खान आहे, मिर्झा मन्नू आहे, त्यांच्या मैफली आहेत. लेखक शिव्या देत नाही, कानही पकडत नाही. जसे कव्वालांविषयी लिहितो तसेच यांच्याविषयी लिहितो.

नंतर मात्र हे सारे झाकले गेले. १८६० च्या भारतीय दंड संहितेत इंग्रजांनी ३७७ वे कलम घातले. १८९३ मध्ये मौलाना हालींनी ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’त गझलेच्या जुन्या विषयांची झडती घेतली, त्यात हाही विषय होता. आजही उर्दूच्या तासाला एखादे पोर विचारतेच की गझलेतला माशूक ‘आती है’ऐवजी ‘आता है’ का? ‘रिवाज आहे’ एवढे उत्तर देऊन धडा पुढे सरकतो. हे उत्तर खोटे नाही, पण पुरेही नाही. २००० साली इतिहासकार सलीम किदवई (१९५१–२०२१) आणि रूथ वनिता यांनी भारतीय साहित्यातल्या समलिंगी प्रेमाचे नमुने एका इंग्रजी ग्रंथात एकत्र केले. त्यात ‘मुरक्का’चा अंशही घेतला. झाकलेले पान पुन्हा उघडले गेले.

हे योग्य झाले का? पहिला आक्षेप असा की अशाने बेहयाई पसरते. पण दर्गाह कुली खान कुणाच्या खिडकीला कान लावून बसले नव्हते. सारे शहर ज्या मैफलींना ओळखत होते, त्यांचे त्यांनी वर्णन केले. जे चौकात घडले ते लिहिणे म्हणजे टेहळणी नव्हे.

दुसरी बाजूही तपासली पाहिजे. पूर्वी होते म्हणून ते रास्त, असे कुणी म्हणत असेल तर आम्हाला ते पटत नाही. पूर्वी गुलामीही होती. नोंद हा फतवा नसतो, ना हलालचा ना हरामचा. नोंदीचे काम एकच: ‘आमच्यात असे कुणी नव्हतेच, हे विलायतेचे खूळ आहे’ हे खोटे बोलणे थांबवणे. या खोट्याची किंमत तालुक्याच्या गावातला तो मुलगा मोजतो, ज्याला वाटते की सबंध कौमेत आपण एकटेच असे निपजलो. त्याची समजूत घालायला ना मौलाना आहेत, ना मास्तर, ना पुस्तक.

तरीही ‘मुरक्का’त एक मोठी उणीव आहे, आणि शिक्षकाच्या नजरेला ती आधी दिसते. उमराव बोलतो, पाहुणा लिहितो. ज्या कोवळ्या पोरावर सारे लुब्ध आहेत, ते पोर एक शब्द बोलत नाही. त्याची मर्जी होती की मजबुरी? पुस्तकात याचे उत्तर नाही. म्हणून त्या काळची अमरदपरस्ती आणि आजच्या दोन सज्ञान माणसांचा राजीखुशीचा संबंध यांना एकाच पारड्यात टाकता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराखालच्या मुलांना संरक्षण दिले. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांच्या खाजगी संबंधाला ३७७ च्या बाहेर काढले. या दोन गोष्टींत विरोध नाही. दोन्हींचा पाया एकच, समोरच्याची मर्जी.

मुंबईची नोंद झाली ती या बाबतीत वेगळी आहे, कारण ती आतल्यांनी केली. १९९० मध्ये अशोक राव कवींनी ‘बॉम्बे दोस्त’ काढले. १९९६ मध्ये रियाद वाडियांनी आर. राज राव यांच्या कवितांवरून ‘बॉमगे’ हा लघुपट केला. २००३ च्या ‘द बॉयफ्रेंड’ या कादंबरीत राव यांनी चर्चगेट स्टेशन, तिथल्या गाठीभेटी आणि बार रंगवले. दंगलीच्या सावटातल्या मुंबईत एक पत्रकार आणि एक दलित तरुण यांच्यातले जातीचे अंतरही झाकले नाही. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी हा विषय मराठीत आणला. इथे पाहणारा आणि पाहिला जाणारा एकाच बाजूला उभे आहेत.

मग पर्दापोशीचे काय? आम्हाला वाटते, पर्दापोशी ही व्यक्तीची असते, आणि साक्ष ही जमान्याची. जिवंत माणसाचे नाव ही त्याची अमानत आहे. ते त्याच्या मर्जीशिवाय उघडणे गुन्हाच. मोठ्या शहरात नाव फुटले तर माणूस मोहल्ला बदलतो. शिरूर अनंतपाळमध्ये नाव फुटले तर त्याला गाव सोडावे लागते, बहिणीचे नाते तुटते, बापाला मशिदीच्या पायरीवर खाली मान घालावी लागते. पण नाव झाकणे वेगळे आणि अशी माणसे अस्तित्वातच नाहीत असे सांगणे वेगळे. पहिल्यात रहम आहे. दुसऱ्यात साक्ष लपवणे आहे.

संगमनेरात जन्मलेल्या एका सरदाराने पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी निम्मी साक्ष दिली. उरलेली निम्मी त्या मैफलीतल्या मुक्या पोराची आहे. ती दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. तो बोलेल तेव्हा ऐकून घ्यावे आणि त्याचे नाव आपल्यापाशी ठेवावे, एवढे तरी आपल्या हातात आहे.