कच्चे, पक्के आणि आपले : बांधकाम-साहित्याच्या नैतिकतेचा प्रश्न

१

मराठीत ‘साहित्य’ हा शब्द वाङ्मयासाठी योजला जातो, तसाच तो विटा, चुना, वाळू, लाकूड यांच्यासाठीही योजला जातो. समीक्षेने या द्व्यर्थाकडे सहसा लक्ष दिलेले नाही. परंतु वास्तुविचारात गेली काही दशके जी चर्चा चालू आहे तिची परिभाषा वाङ्मयीन चर्चेच्या परिभाषेहून फारशी वेगळी राहिलेली नाही. केनेथ फ्रॅम्प्टन यांनी १९८३ मध्ये ‘चिकित्सक प्रादेशिकता’ ही संकल्पना विस्ताराने मांडली, आणि सर्वत्र सारख्याच दिसणाऱ्या आधुनिक वास्तूला विशिष्ट भूमी, विशिष्ट प्रकाश व विशिष्ट बांधणी यांच्या आधारे प्रतिकार करता येईल असे प्रतिपादन केले. त्याच दशकात मराठीत भालचंद्र नेमाडे यांच्या देशीयतेच्या मांडणीवर वाद झडत होता. या दोन चर्चांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. तरीही दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न होता. स्थानिकता हे केवळ वर्णन आहे की ते मूल्य आहे?

वास्तूच्या बाबतीत हा प्रश्न केवळ अभिरुचीचा राहत नाही. सिमेंट तयार करताना चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. या प्रक्रियेत इंधनाच्या ज्वलनातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि चुनखडीच्या रासायनिक विघटनातून त्याहूनही अधिक बाहेर पडतो. मानवी व्यवहारातून होणाऱ्या जागतिक कार्बन-उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा मानला जातो. उन्हात वाळवलेली मातीची वीट, जवळच्या खाणीतला दगड, बांबू, चुना यांच्याकडे परत वळण्याच्या आवाहनाला अशा रीतीने एक भक्कम ऐहिक कारण लाभलेले आहे. ते नाकारण्याचे प्रयोजन नाही. तपासावयाचे आहे ते वेगळेच : या आवाहनाचे रूपांतर नैतिक आदेशात होते तेव्हा तो आदेश कोण कोणाला देत असतो?

२

या प्रश्नाची चाहूल भाषेतच लागते. ‘कच्ची वीट’ म्हणजे न भाजलेली वीट आणि ‘पक्की वीट’ म्हणजे भाजलेली, इतकाच भेद मुळात या शब्दांना अभिप्रेत असावा. परंतु मराठी व्यवहारात ही जोडी भट्टीपाशी थांबत नाही. कच्चे फळ, कच्चा रस्ता, कच्ची नोंद, कच्चा लिंबू. पक्का निश्चय, पक्की खबर, पक्का माणूस. जे अपुरे, तात्पुरते व अविश्वसनीय ते कच्चे. जे सिद्ध, टिकाऊ व भरवशाचे ते पक्के. घराला ‘कच्चे’ म्हणताना त्याच्या भिंतीचे वर्णन केल्याचा आव असतो, प्रत्यक्षात त्या घराचे आणि घरात राहणाऱ्याचे मूल्यमापन झालेले असते.

शासनाची परिभाषाही याच रूपकावर उभी आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातगणनेत कच्च्या भिंतींचे व कच्च्या छपराचे एकखणी घर हा ग्रामीण कुटुंबाच्या वंचिततेचा एक निकष होता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेपासून २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागापर्यंत ‘पक्के घर’ हेच उद्दिष्टाचे नाव राहिले आहे. पर्यावरणनिष्ठ वास्तुविशारद या परिभाषेवर आक्षेप घेतात. नीट बांधलेली व नीट छाया दिलेली मातीची भिंत शतकभर टिकू शकते, मग तिला कच्ची का म्हणावे, हा त्यांचा प्रश्न वस्तुस्थितीला धरून आहे. परंतु ज्याच्या घरावर पिढ्यान्‌पिढ्या हा शब्द चिकटलेला आहे, तो ‘पक्क्या’ची इच्छा करतो तेव्हा केवळ सिमेंटची इच्छा करीत नाही. त्या शब्दातून सुटका व्हावी अशीही त्याची इच्छा असते. या इच्छेला भ्रम म्हणून बाजूस सारणारी समीक्षा अर्धीच राहते.

३

साहित्याच्या प्रामाणिकपणाची कल्पना पाश्चात्त्य वास्तुविचारात जॉन रस्किन यांनी ठसठशीतपणे मांडली. १८४९ मधील ‘द सेव्हन लँप्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथातील सत्याविषयीच्या प्रकरणात, एका द्रव्याला रंगवून दुसऱ्या द्रव्याचा आभास निर्माण करणे ही त्यांनी फसवणूक ठरविली. येथे नैतिकतेचा विषय वस्तू आहे : दगडाने दगड असावे, लाकडाने लाकूड. वस्तूत कोण राहणार आहे हा प्रश्न या सत्यकल्पनेच्या केंद्रस्थानी नाही.

भारतीय संदर्भात वर्ध्याजवळच्या सेवाग्राममधील बापू कुटीने या विचाराला निराळे वळण दिले. माती, लाकूड, बांबू आणि कौले यांची ती वास्तू गांधींच्या जीवनदृष्टीचा भाग होती. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून उभे राहावे, हा गांधींकडून ऐकलेला विचार लॉरी बेकर यांनी आयुष्यभर प्रमाण मानला आणि केरळमध्ये तो विटांच्या मितव्ययी रचनांतून आचरणात आणला. १९७८ मध्ये सेवाग्रामला आलेल्या इव्हान इलिच यांनी या कुटीवर भाषण करताना, सामानासाठी बांधलेले घर आणि माणसाचे निवासस्थान यांत भेद केला होता.

कुटीचे नैतिक तेज मान्य करताना तिची एक अट विसरली जाते. ज्याला बंगल्यात राहणे शक्य होते अशा व्यक्तीने तेथे राहण्याचे ठरविले होते. त्यागाला अर्थ येतो तो त्यागण्याजोगे काही हाती असल्यामुळे. त्याच परिसरातील शेतमजुराची झोपडी कदाचित त्याच मातीची होती. परंतु तिच्यात राहणे हा त्याचा निर्णय नव्हता. दोन भिंती द्रव्यदृष्ट्या एकच असल्या तरी नैतिकदृष्ट्या एकच नसतात. संहितेचा अर्थ केवळ शब्दांत नसून ती कोण, कोठून, कोणाला उद्देशून उच्चारतो यात असतो, हे समीक्षेला परिचित असलेले तत्त्व येथेही लागू पडते.

४

इजिप्तमधील नव्या गुर्ना गावाची कथा या संदर्भात वारंवार सांगितली जाते, पण तिचा धडा नेमका कोणता, याविषयी एकवाक्यता नाही. लक्सरच्या पश्चिम तीरावर प्राचीन थडग्यांच्या टेकडीवर वसलेले जुने गुर्ना गाव हलवावे असे पुरातत्त्व खात्याने ठरविले. सुमारे सात हजार लोकांसाठी नवे गाव वसविण्याचे काम १९४५ मध्ये हसन फथी यांच्याकडे सोपविण्यात आले. युद्धकाळात लाकूड व पोलाद दुर्मीळ झाले होते. आधाराच्या लाकडी साच्याविना मातीच्या विटांची कमान रचण्याचे न्युबियन गवंड्यांचे कौशल्य फथींनी पुन्हा प्रतिष्ठित केले. घरे, मशीद, बाजार, शाळा अशी देखणी रचना उभी राहू लागली. गावकरी मात्र तेथे जाण्यास तयार झाले नाहीत, आणि १९४८ मध्ये काम अपुरेच थांबले. फथींनी ही हकीकत ग्रंथरूपाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. १९७३ च्या अमेरिकी आवृत्तीला ‘आर्किटेक्चर फॉर द पुअर’ हे शीर्षक मिळाले.

गावकऱ्यांना मातीचे घर नको होते, असा सोपा निष्कर्ष येथे काढता येत नाही. त्यांची जुनी घरेही मातीच्याच विटांची होती. नव्या घरांवरील घुमट त्यांच्या दृष्टीने दफनवास्तूची खूण होते, असे काही अभ्यासकांनी नोंदविले आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांची उपजीविका त्या टेकडीशी जोडलेली होती, आणि स्थलांतराचा निर्णय त्यांच्या वतीने इतरांनी घेतला होता. फथींची माती खरी होती, कौशल्य खरे होते, गरिबांविषयीची कळकळही खरी होती. परंतु शीर्षकातील ‘गरिबांसाठी’ या शब्दाची विभक्ती बोलकी आहे. गरीब तेथे संप्रदान होते, कर्ता नव्हते. स्थानिक साहित्य वापरूनही वास्तू परकी राहू शकते, हे गुर्नाने दाखविले.

५

पर्यायांचा हा प्रश्न महाराष्ट्रात अधिक भीषण रूपात समोर आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. ज्या घरांखाली ती गाडली गेली ती घरे पारंपरिक होती, साहित्य त्याच मातीतले होते. ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती मातीत रचलेल्या; भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नाहीत; वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या जाड भिंती आणि जाड छप्पर हाच त्या घराचा गुण होता. त्या रात्री तोच गुण प्राणघातक ठरला.

यावरून परंपरा फसवी ठरते काय? कच्छमध्ये २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गोल आकाराचे व हलक्या छपराचे पारंपरिक ‘भुंगे’ पुष्कळ प्रमाणात तगले. हिमाचलातील काठकुणी बांधणीत दगडांच्या थरांमध्ये लाकडाचे पट्टे असतात आणि त्यामुळे भिंत हादरे सोसते. दगड, माती, लाकूड हेच द्रव्य सर्वत्र आहे. फरक आहे तो त्या त्या परंपरेने काय अनुभवले होते यात. परंपरा ही एका समूहाची स्मृती असते, आणि जे घडलेले नाही किंवा घडून विस्मरणात गेले आहे ते स्मृतीत नसते. मराठवाड्यातील गवंड्याच्या स्मृतीत उन्हाळा होता, पाऊस होता, भूकंप नव्हता. म्हणून स्थानिक द्रव्य आणि स्थानिक ज्ञान या दोन गोष्टी एक मानता येत नाहीत, आणि स्थानिक ज्ञान स्वयंपूर्णही मानता येत नाही. बाहेरून आलेले ज्ञान नाकारणारी देशीयता येथे माणसांच्या जिवाशी खेळते.

भूकंपानंतरच्या पुनर्वसनाने मात्र दुसऱ्या टोकाची चूक दाखविली. अनेक नवी गावे सरळ रेषांच्या चौकटीत आखली गेली; शेतकरी कुटुंबाचे अंगण, गोठा, शेजार यांचे नाते त्या आखणीत बसले नाही, अशी टीका झाली. घर पक्के झाले, पण वास्तव्याचा आराखडा राहणाऱ्यांच्या हाती आला नाही. म्हणजे माती असो वा काँक्रीट, गुर्नातील व्याकरण येथेही बदलले नाही.

६

स्थानिकतेच्या गौरवात आणखी दोन गोष्टी अनुल्लेखित राहतात. पहिली श्रमाची. मातीचे घर टिकते ते सततच्या निगेमुळे. जमीन सारवणे, भिंती लिंपणे, पावसाळ्याआधी छपराची डागडुजी करणे ही कामे चालू राहिली तरच ते घर उभे राहते. आणि सारवण-लिंपण प्रायः स्त्रियांच्या वाट्याला आलेले आहे. ‘टिकाऊ’ हे विशेषण भिंतीला लावले जाते, पण टिकविण्याची क्रिया करणारी व्यक्ती त्या वाक्यात दिसत नाही. फरशीची इच्छा करणारी स्त्री सौंदर्याचा किंवा पृथ्वीचा द्रोह करीत असते असे नव्हे. तिच्या श्रमाचा हिशोब आजवर कोणी मांडला नाही, एवढेच ती सांगत असते.

दुसरी गोष्ट जातीची. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रामव्यवस्थेच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली होती. गावाच्या पारंपरिक वास्तुरचनेत वाडा जितका स्थानिक होता तितकेच गावकूसही स्थानिक होते, आणि त्याबाहेर ढकललेली वस्तीही. परंपरेतील गारवा, प्रमाणबद्धता व मितव्यय निवडून घ्यावा आणि कुसाबाहेरचे अंतर विसरून जावे, ही निवड निरागस नाही. देशीयतेच्या वाङ्मयीन मांडणीपुढे दलित समीक्षेने जे प्रश्न ठेवले, तेच वास्तुविचारापुढेही ठेवणे क्रमप्राप्त आहे.

७

मग स्थानिक साहित्याचा आग्रह सोडून द्यावा काय? बुर्किना फासोमधील गांदो या गावी २००१ मध्ये पूर्ण झालेल्या प्राथमिक शाळेचे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. त्याच गावात जन्मलेले फ्रान्सिस केरे जर्मनीत शिकत असताना त्यांनी ही शाळा उभारली. २०२२ मध्ये त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. पावसात मातीची शाळा टिकेल काय, याविषयी गावकऱ्यांना प्रारंभी शंका होती. केरे यांनी त्या शंकेला अडाणीपणा मानले नाही. मातीत थोडे सिमेंट मिसळून विटा केल्या, भिंतींपासून उंच उचललेले पत्र्याचे छप्पर लोखंडी सळयांच्या सांगाड्यावर ठेवले, त्यामुळे पावसापासून रक्षण झाले आणि गरम हवेला वरून वाट मिळाली. बांधकामात गाव सहभागी झाले. रस्किनच्या कसोटीवर ही वास्तू कदाचित उतरेल, शुद्ध देशीवादाच्या कसोटीवर मात्र ती भेसळ ठरेल.

तिची नैतिकता शोधावयाची तर ती या भेसळीतच शोधावी लागते. येथे शंका घेण्याचा अधिकार राहणाऱ्यांकडे होता, शंकेचे उत्तर वास्तूने दिले, आणि बांधण्याचे कसब गावातच उरले. राहणाऱ्याला नकार देता येतो काय, बाहेरचे ज्ञान त्याला आपल्या अटींवर घेता येते काय, आणि भिंत पडल्यास ती पुन्हा उभारणे त्याच्या आवाक्यात असते काय, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तेथेच साहित्य ‘आपले’ म्हणता येईल.

पृथ्वीच्या तापण्याचा प्रश्न खरा आहे आणि सिमेंटचा वापर कमी करणे अपरिहार्य आहे. परंतु ज्यांनी आजवर सर्वांत कमी सिमेंट वापरले त्यांनीच मातीत राहून हे ऋण फेडावे, असे सुचविणारी नीती टिकाऊ नव्हे. संयमाचा आरंभ, ज्यांच्या घरांना कोणी कधी कच्चे म्हटले नाही, त्यांच्यापासून व्हावयास हवा. त्यांनी स्वतःच्या घरासाठी माती निवडली तर ‘कच्चे’ या शब्दातील हीनताही कालांतराने गळून पडेल. आणि मग शेतमजुरालाही मातीचे घर नाकारण्याचे, तसेच स्वीकारण्याचेही, खरे स्वातंत्र्य लाभेल.